आपण वर्णद्वेषी असू शकतो का? सोसायट्यांच्या कमिट्यांना खुले पत्र

प्रति,
पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधील सहकारी गृहनिर्माण संस्थांचे चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार आणि कमिटी सदस्य

सप्रेम नमस्कार.

वार्षिक सर्वसाधारण सभांचे दिवस आले आहेत. सप्टेंबरअखेर सगळ्यांना त्या उरकायच्या असतात. हिशेब, लेखापरीक्षकाची नेमणूक, लिफ्टचा करार, टँकरचे बिल असे सगळे झाले की शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ येतात आणि कुणीतरी भाडेकरूंचा विषय काढतो. आफ्रिकन मुलांना फ्लॅट द्यायचे नाहीत. नॉर्थ-ईस्टवाले नकोत. कधी ठराव इतिवृत्तात लिहिला जातो, बहुतेकदा लिहिलाही जात नाही. एजंटला फोन केला की काम होते. मी एका सोसायटीची सभासद आहे, अशा सभेला बसलेली आहे. तिथे मी विरोध केला तेव्हा मला मिळालेले उत्तर असे होते: “ताई, वर्णद्वेष गोरे लोक करतात. आपण कसले वर्णद्वेषी? आपल्यावरच त्यांनी राज्य केलं.”

हे बोलणारे गृहस्थ सज्जन आहेत. इमारतीत कुणाला रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचे असेल तर पहिली गाडी त्यांची निघते. म्हणूनच त्यांचे वाक्य मला सोडून देता येत नाही. त्या वाक्यात वर्णद्वेषाची एक व्याख्या आहे, आणि तिच्या आधाराने एखाद्या विद्यार्थ्याला घर मिळते की नाही हे ठरते आहे.

व्याख्येवरून जगात खरोखर वाद आहे, तो आधी मांडते. जुनी समजूत अशी की एखादा वंश जन्मतःच श्रेष्ठ आणि दुसरा हीन, असे मानणे आणि त्याप्रमाणे वागणे म्हणजे वर्णद्वेष. अमेरिकेत १९६७ साली स्टोकली कारमायकल आणि चार्ल्स हॅमिल्टन यांनी त्यात मोठी भर घातली. अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात १९६३ मध्ये कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये बॉम्ब ठेवून चार मुलींचा जीव घेतला गेला. तो वर्णद्वेष सगळ्यांना दिसला. पण त्याच शहरात पुरेसे अन्न, घर आणि औषधपाणी न मिळाल्याने दर वर्षी ५०० कृष्णवर्णीय बाळे दगावतात, त्यामागे बॉम्ब ठेवणारा हात दिसत नाही म्हणून त्याला काय म्हणायचे, असा प्रश्न त्यांनी विचारला. संस्थात्मक वर्णद्वेष ही कल्पना तिथून रुजली. पुढे सत्तरच्या दशकात तिकडच्या वर्णद्वेषविरोधी प्रशिक्षणवर्गांतून एक सुटसुटीत सूत्र पसरले: पूर्वग्रह अधिक सत्ता म्हणजे वर्णद्वेष. या सूत्राप्रमाणे कृष्णवर्णीय माणूस गोऱ्याचा राग करू शकेल, त्याला शिवी देऊ शकेल, पण वर्णद्वेषी ठरणार नाही, कारण त्याच्या रागामागे पोलीस, बँक, कोर्ट, घरमालक उभे नाहीत.

या सूत्रावर कडाडून टीका झाली आणि तिच्यातही तथ्य आहे. माणसाचे कृत्य त्याच्या कातडीवरून तोलायचे, मग जुन्या लोकांपेक्षा आपण वेगळे काय करतो? ब्रिटनमध्ये २०२३ साली डायन अ‍ॅबट या ज्येष्ठ कृष्णवर्णीय खासदारांनी वृत्तपत्राला पत्र लिहिले की ज्यू, आयरिश आणि भटक्या ट्रॅव्हलर समाजाला पूर्वग्रह सोसावा लागतो, पण तो कृष्णवर्णीयांना सोसावा लागतो तसला वर्णद्वेष नव्हे. पत्राने गदारोळ झाला, त्यांनी ते मागे घेतले, पक्षाने त्यांना निलंबित केले. गोऱ्या दिसणाऱ्या ६० लाख ज्यूंना वंशाच्याच नावाखाली मारले गेले त्याला १०० वर्षेही झालेली नाहीत. ते वगळून केलेली व्याख्या मला मान्य होत नाही.

तरीही सत्तेचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. फक्त सत्ता रंगाला चिकटलेली नसते, ती जागेला चिकटलेली असते, एवढे लक्षात ठेवले की बराच गुंता सुटतो. तुम्हीच बघा. विमाननगरला किंवा कोंढव्याला नायजेरियाचा, काँगोचा, टांझानियाचा विद्यार्थी फ्लॅट शोधत येतो, तेव्हा किल्ली कुणाच्या हातात असते? डिपॉझिट किती महिन्यांचे हे कोण ठरवतो? लिव्ह अँड लायसन्सचा करार, पोलीस पडताळणी, परदेशी भाडेकरूची सरकारकडे करायची नोंद, हे सगळे मालकाच्या सहीवर अडते. गेटवरची वही वॉचमनकडे, आणि वॉचमनला सूचना तुमच्याकडून. रात्री दहानंतर मित्र आला तर त्याला वर सोडायचे की नाही, लिफ्टमध्ये कोणी कुणाकडे बघून नाक मुरडले तर ती तक्रार समजायची की नाही, हेसुद्धा तुम्हीच ठरवता. त्या मुलाचा व्हिसा कॉलेजवर आणि राहण्याच्या पत्त्यावर अवलंबून. अकरा महिन्यांच्या कराराच्या मध्येच ‘खाली करा’ म्हटले तर त्याने जायचे कुठे? लंडनच्या विमानतळावर तुमच्या-माझ्याकडे संशयाने पाहिले जाते हे खरे. पण पुण्यात, तुमच्या ऑफिसातल्या त्या टेबलामागे, सत्ता तुमच्याकडे आहे. म्हणजे जी व्याख्या आपल्याला सोडवते असे त्या गृहस्थांना वाटले, तीच व्याख्या नीट लावली तर आपल्याला पकडते.

इतिहासाने हे पुन्हा पुन्हा दाखवले आहे. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला. पुढे औरंगाबाद म्हणून वाढलेली खडकी त्याने वसवली, जमीन महसुलाची त्याने बसवलेली घडी नावाजली गेली, आणि १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. या मातीत एक हबशी माणूस सत्तेच्या जागी होता आणि मराठे सरदार त्याच्या चाकरीत होते. उलट बाजूने पूर्व आफ्रिकेकडे पाहा. ब्रिटिशांच्या काळात केनिया-युगांडात समाजाची तीन मजली रचना होती: वर युरोपियन, मध्ये आशियाई, खाली आफ्रिकन. गोव्यातून गेलेले कारकून आणि गुजरातेतून गेलेले व्यापारी मधल्या मजल्यावर होते. वरच्याकडून अपमान घ्यायचा आणि खालच्याला तोच द्यायचा, हे एकाच माणसाच्या एकाच दिवसात घडत असे. १९७२ मध्ये हुकूमशहा इदी अमीनने युगांडातल्या आशियाईंना ९० दिवसांत देश सोडायला लावले, तेव्हा तीच माणसे वंशाच्या नावाखाली हाकलली गेली. ती आधी वर्णद्वेष करत नव्हती असे म्हणता येत नाही, आणि नंतर त्यांनी तो सोसला नाही असेही नाही.

आपल्या देशातही असेच आहे. दिल्लीत, पुण्यात ईशान्येकडच्या मुलाला ‘चिंकी’ म्हणून हाक मारली जाते. पण मेघालयातल्या शिलाँगमध्ये खासी लोक बाहेरच्याला ‘द्खार’ म्हणतात आणि १९७९ च्या दंगलीत तिथल्या बंगाल्यांनी काय सोसले ते त्या कुटुंबांना विचारा. शिलाँगची चूक पुण्यातल्या खासी मुलीच्या खात्यावर मांडायची नसते, आणि पुण्यात तिने सोसले म्हणून शिलाँगची चूक पुसलीही जात नाही.

दुसरे वाक्य नेहमी ऐकू येते ते असे: “आमच्या मनात द्वेष नाही हो, फक्त सोसायटीची काळजी.” मनात द्वेष नसेल, मी मान्य करते. पण वर्णद्वेषाची परीक्षा फक्त मनावरून होते का, हाच तर वाद आहे. लंडनमध्ये १९९३ साली स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा बसथांब्यावर खून झाला आणि पोलिसांनी तपासाचा बोजवारा उडवला. १९९९ मध्ये न्या. मॅकफर्सन यांच्या चौकशी अहवालाने पोलीस दलात संस्थात्मक वर्णद्वेष असल्याचे म्हटले. प्रत्येक हवालदार मनातून द्वेष करतो असा आरोप त्यात नव्हता. नकळत असलेले पूर्वग्रह, अज्ञान, बेफिकिरी आणि ठरावीक साचे यांतून एका समाजाला योग्य सेवा न मिळणे, हे त्या संस्थेचे सामूहिक अपयश, अशी ती मांडणी होती. त्या मांडणीवर ब्रिटनमध्ये आजही वाद चालतो. मला ती पटते, कारण नाकारलेल्या मुलाला आपले मन दिसत नाही. त्याला बंद झालेले दार दिसते, आणि पुढच्या सोसायटीचेही, आणि त्याच्या पुढच्याही. प्रत्येक कमिटी म्हणते की आमचा एकच नकार. त्याच्या वाट्याला मात्र अख्खे शहर नकार देणारे येते.

आता सुरक्षेबद्दल, कारण खरी भीती तिथे आहे आणि ती मी उडवून लावणार नाही. “ते ड्रग्ज विकतात.” काही नायजेरियन नागरिकांना अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत अटक झालेली आहे, ते वर्तमानपत्रात आपण वाचतो. गोव्यात ऑक्टोबर २०१३ मध्ये पर्रा येथे एका नायजेरियन माणसाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला, स्थानिकांशी मारामारी झाली. त्यानंतर राज्याच्या एका मंत्र्याने नायजेरियनांची तुलना कॅन्सरशी केली, ‘नायजेरियनांना नाही म्हणा, ड्रग्जना नाही म्हणा’ असे फलक लागले. खून त्यांच्यातल्या माणसाचा झाला होता, हे चार दिवसांत विसरले गेले. आणि आपल्याकडचे एक उदाहरण: फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यातून मेफेड्रोन या अमली पदार्थाचा प्रचंड साठा पकडला. त्यानंतर दौंड तालुक्यातल्या माणसांना फ्लॅट देऊ नये असा ठराव कोणत्या सोसायटीने केला? कुणाच्या डोक्यातही आले नाही, कारण आपल्या माणसांत गुन्हेगार कोण आणि सज्जन कोण हे वेगळे करण्याची आपल्याला सवय आहे. आफ्रिकेत ५४ देश आहेत. तिथून शिकायला आलेल्या मुलांना ती सवलत आपण देत नाही. कागदपत्रे तपासा, कॉलेजला फोन करा, पडताळणी केल्याशिवाय किल्ली देऊ नका, या सगळ्याला माझा पाठिंबा आहे. पण तपासायचा तो समोरचा माणूस. त्याचा खंड तपासून काय कळणार?

वासाची तक्रारही असते. नागा मुली आखुनी म्हणजे आंबवलेले सोयाबीन शिजवतात, बांबूचे कोवळे कोंब आंबवून घालतात, त्याचा वास जिन्यात येतो. येतो, खरे आहे. पण मुंबईतल्या कितीतरी इमारतींत मराठी कुटुंबांना सुकट-बोंबलाच्या वासावरून घर नाकारले जाते, तेव्हा आपल्याला तो वासाचा प्रश्न वाटत नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मुलुंडला एका मराठी महिलेला ‘महाराष्ट्रीयन लोकांना जागा देत नाही’ असे सांगून कार्यालयासाठी जागा नाकारली गेली. तिचा व्हिडिओ महाराष्ट्रभर पाहिला गेला आणि सगळे पक्ष तुटून पडले. योग्यच झाले. त्या वेळी कुणी विचारले नाही की नाकारणाऱ्याच्या मनात द्वेष होता की नुसती सोसायटीची काळजी. नकार जन्मावरून दिला, एवढे पुरेसे होते. तोच निकष आपल्या जिन्यात लावायला मी सांगते आहे, नवा काही काढत नाही.

व्याख्या सोयीने बदलण्याची ही खोड सोसायट्यांपुरती नाही. २००९ मध्ये मेलबर्नला भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले. तिथले पोलीस आधी म्हणाले, हे संधिसाधू लुटारूंचे गुन्हे आहेत, वंशाचा संबंध नाही. आपण खवळलो. अमिताभ बच्चन यांनी ब्रिस्बेनच्या विद्यापीठाची मानद डॉक्टरेट नाकारली. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात जमावाने आफ्रिकन विद्यार्थ्यांना मॉलमध्ये घुसून मारले. आफ्रिकन देशांच्या राजदूतांनी मिळून त्याला परकीयद्वेषी आणि वांशिक हल्ले म्हटले, तेव्हा आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी संसदेत सांगितले की तपासाआधी याला वांशिक म्हणणे बरोबर नाही. त्याच दिवसांत एका माजी खासदाराने परदेशी वाहिनीवर विचारले, आम्ही वर्णद्वेषी असतो तर दक्षिण भारताबरोबर कसे राहिलो असतो? त्यांना नंतर माफी मागावी लागली. मेलबर्नच्या पोलिसांचे उत्तर आणि दिल्लीचे उत्तर शेजारी ठेवून वाचावे.

दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनची गोष्टही याच खोडीची. वांशिक भेदभाव संपवण्याच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात वंश, वर्ण, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ यांच्याबरोबर ‘कुळ’ हेही कारण आहे. १९६५ मध्ये मसुदा घडत असताना ते घालण्याची सूचना भारताची होती. १९६८ मध्ये आपण करार मंजूर केला. २००१ मध्ये डर्बनच्या जागतिक परिषदेत दलित संघटनांनी जातीचा विषय आणला तेव्हा मात्र भारत सरकार म्हणाले, जात म्हणजे वंश नव्हे. जात म्हणजे वंश नव्हे हे बाबासाहेबांनीच कधीचे सांगितले होते: पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे आहेत, असे त्यांनी लिहिले आहे. मलाही तेच पटते. पण बाबासाहेबांनी ते जातीला वंशशास्त्राचा आधार मिळू नये म्हणून लिहिले. सरकारने त्याचा उपयोग प्रश्न सभागृहाबाहेर ठेवायला केला. ज्यांच्यावर जन्मावरून घाव पडतो त्यांना घावाचे वर्गीकरण नंतर करता येईल, आधी तो थांबवायचा असतो.

कायदा तुम्हाला काय सांगतो? फार कमी, आणि म्हणून तुमच्यावर जबाबदारी जास्त. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभावाला मनाई आहे, पण ती नागरिकांसाठी. परदेशी विद्यार्थी त्यात येत नाही. त्याच अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांची नावे आहेत. भाड्याचे घर नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा पोटनियम उचलून धरला. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलचा विद्यार्थी निडो तानिया मारहाणीनंतर गेला. त्याच्या केसांवरून टिंगल झाली आणि तिथून भांडण पेटले होते. मग बेझबरुआ समिती नेमली गेली, तिने वांशिक शिवीगाळीसाठी दंडसंहितेत वेगळी कलमे घालण्याची शिफारस केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत वंशावरून जमावाने केलेल्या खुनाला आणि गंभीर दुखापतीला वेगळी कलमे मिळाली. म्हणजे माणूस मेल्यावर किंवा जबर जखमी झाल्यावर कायदा वंश ओळखतो. ‘चिंकी’ म्हणून दार लावले जाते त्याला तसे वेगळे कलम नाही.

पुण्याने याची किंमत पाहिलेली आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये शहरात ईशान्येकडच्या तरुणांवर हल्ले झाले, अफवा पसरल्या, आणि हॉटेलांत, पार्लरांत, कॉल सेंटरांत काम करणारी शेकडो मुले बॅगा उचलून पुणे स्टेशनवरून गुवाहाटीच्या गाड्यांना लागली. हे शहर स्वतःला विद्येचे माहेरघर म्हणवते. माहेरी आलेल्या मुलांनी रात्रीतून पळ काढावा, याचे मला आजही वाईट वाटते. त्या वेळी ज्या सोसायट्यांत शेजारी दार ठोठावून “जाऊ नका, आम्ही आहोत” म्हणाले असतील, तिथली मुले थांबली असतील असा माझा विश्वास आहे. कमिटीला एवढेही करता येते.

येत्या सभेत मी आमच्या सोसायटीत पुढील ठराव मांडणार आहे. तुमच्याकडे कुणी मांडला तर त्याला अनुमोदक मिळावा, एवढी विनंती. शब्द तुमच्या सोयीने बदला.

“कोणत्याही भाडेकरूला त्याचा देश, वंश, वर्ण, प्रांत, जात, धर्म किंवा आहार या कारणावरून सदनिका नाकारण्याची सूचना संस्था कोणत्याही सभासदाला, एजंटला किंवा सुरक्षा कर्मचाऱ्याला देणार नाही. सर्व भाडेकरूंकडून सारखीच कागदपत्रे घेतली जातील. परदेशी नागरिकांबाबत कायद्याने लागणारी जादा कागदपत्रे तेवढी वेगळी. कमिटीने एखाद्या भाडेकरूला हरकत घेतली तर हरकतीचे कारण, ती घेणाऱ्या सदस्याचे नाव आणि भाडेकरूचे म्हणणे इतिवृत्तात लिहिले जाईल व त्याची प्रत सभासदाला आणि भाडेकरूला दिली जाईल. आवाज, पार्किंग, कचरा यांविषयीच्या तक्रारी जशा इतरांच्या तशाच त्यांच्याही हाताळल्या जातील. भाडेकरूंना उद्देशून वांशिक शेरे मारल्याची तक्रार आल्यास कमिटी सात दिवसांत दोन्ही बाजूंना बोलावून ऐकून घेईल.”

कळावे.

आपली,
कोथरूडमधील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेची सभासद